तालांव चुकवण्याची गोष्ट

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, कॉलेजच्या अंकासाठी छोटासा निबंध लिहिलाय. जरा नजर टाक ना. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघ, बाकी ठीक आहे."

बाकी ठीक आहे, हे मुद्रितं तपासणाऱ्याला कधी सांगू नये. नोकरी लागण्याआधी मी वर्षभर एका छापखान्यात गॅली वाचायचं काम केलं आहे. आता सरकारी कचेरीत टिपणं वाचतो. दोन्हीकडचा अनुभव एकच, ‘बाकी ठीक आहे’ असं ज्या कागदाबद्दल सांगतात त्याच कागदात काहीतरी दडलेलं असतं.

निबंधाचं नाव होतं ‘तालांव कसा चुकवावा?’ दीड पान, पाच मुद्दे. पोलीस कुठल्या वळणावर उभे राहतात ते ध्यानात ठेवावं. समोरून येणारा दिवे मारतो का ते बघावं. कॅमेऱ्यांच्या जागा दाखवणारं अ‍ॅप मोबाईलवर घ्यावं. मोठ्या ट्रकच्या मागे राहावं. आणि पाचवा मुद्दा, ‘पोलीस असतील तिथे वेगमर्यादा पळावी.’

‘पाळावी’तला एक काना गळला होता. पण वाचून मला हसू आलं, कारण काना गळून वाक्य जास्त खरं झालं होतं. आपल्याकडे वेगमर्यादा पळतेच!

बाकी चुका नेहमीच्याच. ‘पोलीस’ हा शब्द त्याने नऊ वेळा लिहिला होता आणि निम्म्या वेळा चुकवला होता. मी समासात लिहून ठेवलं, की पोलीस नुसता उभा असेल तर ‘ली’ दीर्घ. तोच पोलिसाने, पोलिसाला, पोलिसांकडून असा कामाला लागला, की ‘लि’ ऱ्हस्व. गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला तसंच हे. (प्रत्यक्षात ऱ्हस्व होतो तो गाडीवाला, हा भाग वेगळा.)

तालांव हा शब्द मात्र मी तसाच ठेवला. मुंबई-पुण्याचा वाचक इथे अडेल, तिकडे ‘चलान’ म्हणतात किंवा ‘पावती फाडली’. पण आपल्या गोव्यात तालांवच. पोर्तुगीजात पावतीपुस्तकातून फाडून द्यायच्या तुकड्याला ‘तालांव’ म्हणत, तोच हा. पोर्तुगीज १९६१ साली गेले, पावतीपुस्तक राहिलं. तो ज्या कायद्याखाली फाडतात तो कायदा मात्र पोर्तुगीजांचा नव्हे. तो दिल्लीहून आला आणि दिल्लीला विलायतेहून. माझी बी.ए. इतिहासाची आणि नोकरी कलमं शोधण्याची. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ बाजूला राहिले आणि हा कायदा मुळात कुणी कुणासाठी केला, आणि तो चुकवायला पहिल्यांदा कोण निघालं, हे बघत बसलो. दोन रविवार त्यात गेले.

१८६५ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला, की रस्त्यावरून यंत्राची गाडी न्यायची तर वेग गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन मैल. दोन मैल म्हणजे जेमतेम सव्वातीन किलोमीटर. म्हातारा माणूस काठी टेकत याहून भरभर जातो. शिवाय गाडीपुढे साठ यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन चालायचं. हा कायदा वाफेच्या अवजड इंजिनांसाठी होता, मोटार तेव्हा नव्हतीच. १८७८ साली निशाणाची सक्ती गेली, पण पुढे चालणारा माणूस राहिला. आणि मग तीस वर्षांनी पेट्रोलची मोटार आली ती थेट या जुन्या कायद्यात येऊन बसली.

१८९६च्या जानेवारीत केंट परगण्यातल्या पॅडक वुड या गावातून वॉल्टर अर्नोल्ड नावाचा गृहस्थ आपली बेंझ गाडी ताशी आठ मैलांनी घेऊन गेला. म्हणजे मर्यादेच्या चौपट! गावच्या शिपायाने सायकलवर टांग मारली आणि सुमारे पाच मैल पाठलाग करून त्याला धरलं. आरोप एक नव्हे, चार. गाडीला घोडा नाही, गाडी सांभाळायला तीन माणसं नाहीत, गाडीवर नाव-पत्ता नाही आणि वेग जास्त. जास्त वेगाबद्दल मोटारवाल्याला झालेली ही पहिली शिक्षा समजतात. वेगाचा दंड होता एका शिलिंगाचा. अर्नोल्ड बेंझ गाड्या विकायचा. म्हणजे या खटल्याने त्याच्या गाडीची फुकट जाहिरातच झाली असणार.

इथवर ही गोष्ट गमतीची आहे आणि वेगाच्या इतिहासावर लिहिणारे बहुतेक जण इथेच हसून थांबतात. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, १७ तारखेला, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची चव्वेचाळीस वर्षांची बाई मुलीबरोबर चालली होती. प्रदर्शनासाठी आणलेली एक मोटार तिच्या अंगावर गेली आणि ती मेली. ब्रिटनमध्ये मोटारीखाली मेलेली ही पहिली पादचारी. चालवणारा म्हणाला, मी चार मैलांच्या वर नव्हतो. पाहणारे म्हणाले, गाडी भरधाव होती. वेग मोजायचं साधन कुणाकडेच नव्हतं. पंचांनी अपघाती मृत्यू ठरवला, आणि चौकशी करणाऱ्या कॉरोनरने असं पुन्हा कधी घडू नये अशी आशा बोलून दाखवली. हे वाक्य मी दोनदा वाचलं. २०२३ या एका वर्षात आपल्या एवढ्याशा गोव्यात अडीचशेहून अधिक माणसं रस्त्यावर मेली.

ड्रिस्कॉल गेली ऑगस्टात, आणि नोव्हेंबरात नवा कायदा अमलात आला. पुढे चालणारा माणूस गेला, मर्यादा चौदा मैलांवर नेली, प्रत्यक्षात नियमांनी ती बारा ठेवली. मोटारवाल्यांनी त्या दिवशी लंडनहून ब्रायटनपर्यंत गाड्या नेऊन मुक्तिदिन साजरा केला. १९०३च्या कायद्याने मर्यादा वीस मैल, म्हणजे बत्तीस किलोमीटर केली आणि त्याबरोबर गाडीला नंबर आणि चालवणाऱ्याला लायसन्स आणलं. माझ्या मते खरा बदल नंबराचा. नंबर नसलेल्या गाडीला तालांव द्यायचा कुणाच्या नावाने?

आता मर्यादा आली, नंबर आला, पण वेग मोजायचा कसा? पोलिसांनी साधा उपाय काढला. रस्त्याचा एक फर्लांग मोजायचा, म्हणजे दोनशेवीस यार्ड. दोन्ही टोकांना कुंपणाच्या झुडपात शिपाई बसवायचे, हातात थांबघड्याळ. गाडी पहिल्या खुणेवरून गेली की एकाने इशारा करायचा, दुसऱ्याने वेळ मोजायची. वीस मैलांच्या वेगाने फर्लांगाला साडेबावीस सेकंद लागतात. त्याहून लवकर आली की तिसऱ्याने रस्त्यात येऊन हात करायचा. आपल्याकडे वळणावर झाडाआड उभ्या राहणाऱ्या पोलिसाला लोक नावं ठेवतात, पण ती परंपरा अशी सव्वाशे वर्षांची आहे.

त्या काळी मोटार होती ती जमीनदार, व्यापारी, डॉक्टर अशा बड्यांकडे. झुडपात बसलेल्या शिपायाने आपल्याला अडवावं हे त्यांना सहन होईना. १९०५च्या एप्रिलात चार्ल्स जॅरट हा शर्यतीत गाड्या पळवणारा गृहस्थ आणि त्याचे स्नेही यांनी पगारी सायकलस्वार ठेवले आणि ब्रायटनच्या रस्त्यावर सोडले. काम एकच, पोलीस कुठे दडलेत ते हुडकायचं आणि मोटारवाल्यांना आधी सावध करायचं. त्यातून २९ जून १९०५ रोजी लंडनच्या ट्रोकाडेरो हॉटेलात ऑटोमोबाईल असोसिएशनची स्थापना झाली. ब्रिटनमध्ये रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला मदत करणारी म्हणून आज जी संस्था घराघरांत ठाऊक आहे, तिचा जन्म तालांव चुकवण्यासाठी झाला! भाच्याचा दुसरा मुद्दा, समोरून येणाऱ्याने दिवे मारण्याचा, तो इथला. तिथे दिव्यांऐवजी सायकलवरचा माणूस होता एवढंच.

पोलिसांनी अर्थातच या सायकलवाल्यांना कोर्टात खेचलं. कामात अडथळा आणला म्हणून. इथे दोन निवाडे आहेत, आणि मला सांगायचं आहे ते या दोहोंमधल्या फरकाबद्दल.

पहिला बॅस्टेबल विरुद्ध लिटल, १९०७च्या निवाडेसंग्रहातला. येणाऱ्या गाड्यांना एकाने पुढे सापळा आहे म्हणून खुणा केल्या. कोर्टाने विचारलं, त्या गाड्या तेव्हा वेगात होत्या याचा पुरावा काय? पुरावा नव्हता. मग कायदा पाळणाऱ्याला पाळत राहा म्हणणं हा अडथळा कसा? सायकलवाला सुटला. असोसिएशनला आनंद झाला असणार.

दुसरा बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स, १९१०च्या निवाडेसंग्रहातला. या वेळी पोलिसांकडे पुरावा होता. गाड्या मर्यादेबाहेर होत्या, असोसिएशनच्या माणसाने इशारा केला, गाड्या सापळ्याच्या फर्लांगापुरत्या मंदावल्या. मुख्य न्यायाधीश लॉर्ड अल्व्हरस्टोन यांनी याला अडथळा ठरवलं. पण नेमका मुद्दा मांडला तो न्यायमूर्ती डार्लिंग यांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सूचना दोन प्रकारची असते. एक, माणसाने गुन्हा करू नये म्हणून दिलेली. दुसरी, गुन्हा चालूच आहे, पकडलं जाण्याची भीती आहे तेवढा वेळ तो थांबवून ठेव, अशी. इशारा तोच, हात तोच, पण हेतू वेगळा, आणि सगळं त्या हेतूवर.

हे वाचलं आणि मी भाच्याचा कागद पुन्हा समोर घेतला. ‘पोलीस असतील तिथे वेगमर्यादा पाळावी.’ ज्या गोष्टीबद्दल त्या खटल्यात शिक्षा झाली ती गोष्ट आमच्या पोराने एका ओळीत, आणि एक काना कमी घालून, लिहिली होती.

असोसिएशनने त्या निकालावरही तोड काढली. त्यांचा गस्तवाला सभासदाच्या गाडीवरचा बिल्ला बघून सलाम करायचा, तो रिवाज होताच. आता ठरलं असं, की सलाम केला तर सगळं ठीक. सलाम केला नाही, तर गाडी थांबवून कारण विचारावं! इशारा केला म्हणून शिक्षा होईल, पण न केलेल्या सलामाबद्दल कुठल्या कलमाखाली धरणार? पुढे पन्नासएक वर्षं हा रिवाज चालला. कारकून म्हणून सांगतो, अशी सुंदर पळवाट मी आयुष्यात पाहिली नाही. पण त्याच असोसिएशनने १९०६पासून रस्त्यांवर धोक्याच्या पाट्याही उभ्या केल्या, पदरच्या पैशाने. म्हणजे डार्लिंगसाहेबांच्या दोन्ही प्रकारच्या सूचना एकाच घरातून निघत होत्या. माणसांच्या संस्था अशाच असतात.

पुढे वीस मैलांची मर्यादा कुणीच पाळत नाही म्हणून १९३०च्या कायद्याने मोटारीवरची वेगमर्यादाच काढून टाकली. १९३४ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर सात हजार तीनशेहून अधिक माणसं मेली, आणि गाड्या तेव्हा आजच्या मानाने चिमूटभर. मार्च १९३५मध्ये होर-बेलिशा हा मंत्री असताना वस्तीतल्या रस्त्यांना तीस मैलांची, म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटरची मर्यादा परत आली. त्या वर्षी मृत्यूंचा आकडा खाली आला.

आता आपल्याकडे. हिंदुस्थानात मोटारींचा कायदा १९१४ साली झाला, मग १९३९ साली, आणि १९८८चा जो झाला तोच दुरुस्त्यांसह चालू आहे. वेगाची शिक्षा कलम १८३मध्ये. पूर्वी पहिल्या वेळी चारशे रुपयांपर्यंत दंड होता. २०१९च्या दुरुस्तीने हलक्या वाहनाला एक ते दोन हजार झाला. गोव्यात ‘आधी खड्डे बुजवा, मग दंड वाढवा’ असा वाद होऊन नवे दर लागू व्हायला २०२२ उजाडलं, ते तुम्हाला आठवत असेलच.

या कलमाचं तिसरं पोटकलम सांगतं, की एकाच साक्षीदाराला गाडी वेगात वाटली एवढ्यावर शिक्षा करता येत नाही, यंत्राचा आधार हवा. हे वाक्य मला ओळखीचं वाटलं. इंग्लंडच्या १९०३च्या कायद्यात जवळपास हेच आहे, एका साक्षीदाराच्या नुसत्या मतावर शिक्षा नको म्हणून. झुडपातल्या शिपायाला वचकून तिथल्या बड्या मोटारवाल्यांच्या सोयीसाठी आलेली अट पणजीच्या पायलटालाही लागू पडते.

चौथं पोटकलम तर फारच कमी जणांना ठाऊक आहे. मर्यादा मोडल्याशिवाय पाळताच येणार नाही असं वेळापत्रक मालकाने काढलं, किंवा अमुक वेळात पोहोच असा हुकूम दिला, तर तो कागदच मालकाविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा. आपल्याकडच्या खाजगी बसच्या मागे उभं राहून कंडक्टरने हातातल्या घड्याळाकडे बघत टपाटप पत्रा बडवलेला कुणी ऐकला नाही? तालांव मिळतो ड्रायव्हरला. घड्याळ दाखवणाऱ्या मालकाला तो मिळाल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही, आणि भाच्याच्या पाच मुद्द्यांतही मालक कुठे नव्हता.

यंत्राचीही एक गंमत सांगून टाकतो. रस्त्याकडेच्या वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याचा जनक मॉरिस गॅटसोनिडेस हा डच माणूस १९५३ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला. यंत्र त्याने बनवलं ते वळणावर आपला स्वतःचा वेग मोजून अजून वाढवता यावा म्हणून! पुढे ते पोलिसांच्या हाती गेलं. आपल्याकडे २०२३ साली मेरशीच्या सिग्नलवर कॅमेरे तालांव पाठवू लागले. कॅमेऱ्याला समोरून कुणी दिवे मारून काय उपयोग, असं वाटेल. पण कॅमेरा हलत नाही, आणि लोकांना जागा पाठ असते. तेवढ्यापुरतं मंदावायचं आणि पुढे सुटायचं. फर्लांग तोच.

हे सगळं मी एवढं ठासून का सांगतो आहे? तर मी स्वतः तो फर्लांग चुकवलेला आहे.

२०१४चा नोव्हेंबर. फोंड्याहून पणजीला स्कूटरने निघालो होतो, साडेनऊचं मस्टर, घरातून निघायलाच उशीर. जुन्या गोव्याच्या अलीकडे समोरून येणाऱ्या एका पायलटाने दिवा मारला. मी मंदावलो. वळणावर पोलीस होतेच. त्यांच्यासमोरून अगदी सोज्वळ चेहऱ्याने गेलो, आणि पुढे गेल्यावर गेलेला वेळ भरून काढायला कान पिळला. मनात खुशी होती. चारशे रुपये वाचले!

रायबंदरचा जुना रस्ता तुम्हाला माहीत आहे. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला घरांचे उंबरठे जवळजवळ रस्त्यातच. अशाच एका घराच्या आडून डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली बाई रस्त्यात आली. मी ब्रेक दाबला, स्कूटर आडवी घसरली, हँडल तिच्या पाटीला लागलं. पाटी खाली, बांगडे रस्ताभर. बाई भिंतीला टेकून उभी राहिली. तिला लागलं नव्हतं. माझा गुडघा फुटला होता. वीतभर अंतर पडलं असेल.

मी लंगडत बांगडे गोळा करू लागलो. पैसे देऊ केले तेव्हा तिने मोजून मातीत चिरडलेल्या चार बांगड्यांचेच घेतले. पाटी डोक्यावर चढवताना एवढंच म्हणाली, "मात्शें सवकास वच, पुता." तिचा आवाज शांत होता आणि हात थरथरत होते.

त्या दिवशी मस्टरवर लाल शेरा पडला. गुडघ्याचं विचारलं तेव्हा घरी सांगितलं, कचेरीच्या जिन्यावरून घसरलो. ज्याने दिवा मारला त्या पायलटाचा यात काही दोष नाही, त्याने भलेपणानेच केलं. पण त्याची सूचना डार्लिंगसाहेबांच्या दुसऱ्या प्रकारची होती, आणि मी ती नेमकी तशीच घेतली.

तर भाच्याचा निबंध. मुद्रितं तपासणाऱ्याचा एक धर्म असतो. शब्द दुरुस्त करावेत, लेखकाचं म्हणणं बदलू नये. ‘पोलीस असतील तिथे’च्या जागी ‘पोलीस नसतील तिथेही’ एवढं केलं असतं तर वाक्य सरळ झालं असतं. पण मग ते त्याचं राहिलं नसतं, माझं झालं असतं. पेन्सिल बराच वेळ हातात धरून बसलो. शेवटी ‘पळावी’वर काकपदाची खूण करून काना घातला, ‘तिथे’ या शब्दाखाली रेघ मारली, समासात प्रश्नचिन्ह केलं आणि कागद पाठवून दिला.

दोन दिवसांनी फोन आला. "मामा, पोलिसांचं कळलं. पण पाचव्या मुद्द्यापाशी प्रश्नचिन्ह कसलं? ‘तिथे’मध्ये चूक काय?"

म्हटलं, शुद्धलेखनाची नाही. आणि त्याला रायबंदरची गोष्ट सांगितली, बांगड्यांसकट. दहा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे तू जिन्यावरून पडला नव्हतास? आईला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग निबंधात घालू?"

मी म्हटलं, लेखक तू आहेस. अंक अजून छापखान्यातून यायचा आहे.